पलूसच्या विहिरीपर्यंत, कानकाठी घेऊन

मंगळवारी दुपारी पलूसच्या मळ्यावरचा गडी सायकल दामटत आमच्या दारात आला. पाणी नको, बसणं नको. विचारतो काय, "बापू इकडं आलाय का?"

बापू माझा धाकटा भाऊ, तिकडं विहिरी खोदतो. सोमवारी बाकीचे बाजाराला गेले, हा एकटाच विहिरीत होता. सगळे परतले तर हा नाही आणि सुरुंगाच्या दारूचा डबाही नाही. पोलीस दोनदा येऊन गेले. चले जावचे दिवस, कुठं रूळ उखडत होते, कुठं तारा तुटत होत्या. दारू गेली म्हटल्यावर कोण गप्प बसतंय?

"पळाला आसता तर इकडंच आला आसता," मी म्हणाले. "आन् आला न्हाई, तर हाय कुठं?"

गड्यानं सायकल वळवली.

बुधवारी पहाटे मी आणि हौसा निघालो. हौसा माझी लेक, पंधराची. ही बापाची कानकाठी खांद्यावर टाकून हिंडते. कानकाठी म्हणजे पोकळ कळक, बांबूच. एका टोकाला पत्र्याचा डबा, त्याला शेळीचं कातडं ताणलेलं. दुसऱ्या टोकाला कानात घालायच्या रबरी नळ्या. हौसाच्या बापानं पलटणीतल्या डॉक्टरची नळी बघून ती केली, दगडाखालचं पाणी ऐकायला. देवळाच्या भिंतीत भूत गुणगुणतंय म्हणून गाव पळत होतं, तेव्हा हिनंच काठी लावून मधमाश्यांचं पोळं शोधलं. बापाचा पाय लढाईत अधू झाला, म्हणून जायचं तिनंच.

जाणाऱ्यांनी ऐकून ठेवा. दहिवडीहून विट्याची गाडी कोळशाच्या गॅसवर चालते. चढ आला की उतरून ढकलावी लागते. पांढरं लुगडं नेसू नका. भाकरी घरची बांधा, वाटेत चहा मिळतो तो नुसता गरम असतो. कंडक्टर कळक आत घेईना.

"ही बंदूक हाय का गं?"

"न्हाई मामा, कान हाय," हौसा म्हणाली. माणसं हसली. मला हसू येईना.

विट्याला पुढची गाडी बंद. धर्मशाळेत रात्र काढली, सकाळी गूळ टाकून परतणारी रिकामी बैलगाडी मिळाली. पलूस जवळ येईल तसा ऊस दाटत जातो. आम्हा माणदेशातल्या माणसांनी एरवी डोळे भरून बघितलं असतं. मी बैलांकडंच बघत होते.

"आवं, हाना की जरा!"

"बाई, तुमीच जुपून घ्या," गाडीवान म्हणाला.

दुपारी मळ्यावर पोचलो. मालक तात्यांनी विहीर दाखवली. पायऱ्यांची, खोल. बुडाला एका बाजूचा मुरूम ढासळून ढीग पडलेला.

"ह्याच्या मागं बघितलं न्हाई?"

"कशापायी?" तात्या म्हणाले. "विहिरीत उतरताना परत्येक गडी काठावर पायतान काढतो. बापूचं पायतान न्हाई. म्हंजी वर आला, घातलं आन् गेला."

गेल्या दिवाळीत त्याचं पायताण असंच काठावरून चोरीला गेलं होतं. नवं मी करून दिलं आणि दम भरला, वर ठेवशील तर थोबाड फोडीन, कमरेला बांध.

"तात्या, त्यानं पायतान कमरेला बांधलंय. म्या सांगितलं हुतं त्याला."

हौसा तोवर पायऱ्या उतरली होती. वरून माती निसटत होती. मी ओरडले, तिनं नुसता हात वर केला. डबा ढिगाला लावला, खडकाला लावला, जागा बदलली. मग दगडानं खडकावर तीन ठोके दिले आणि डोळे मिटून ऐकत बसली. इतका वेळ मी जन्मात तोंड मिटलं नव्हतं.

"आये," ती म्हणाली, "आतनं तीन ठोकं आलं."

आठ माणसांनी टिकाव घेतले. झऱ्यासाठी बापूनं आडवं बीळ खोदलं होतं, ढिगानं त्याचंच तोंड बुजलं होतं. दिवस कलायला त्याला बाहेर काढलं. हात मोडलेला, तीन दिवस झिरपतं पाणी चाटून जगलेला. कमरेला पायताण. दारूचा डबा त्याच्या मागंच होता, तात्यांनी स्वतः पोलिसाला बोलावून दाखवला. माझ्याकडं काही त्यांना बघवेना, आणि मला बापूकडं.

बापू आता आमच्याकडंच असतो. हात जुळला. हाक मारली की आधी भिंतीवर तीन ठोके देतो, मग ओ देतो. पूर्वी ओ द्यायला उशीर झाला की मी घर डोक्यावर घ्यायचे. आता चुलीवरचं करपलं तरी तिसरा ठोका होईपर्यंत थांबते.