दाणीकाका आणि उंटाचं तिकीट

रविवारी दाणीकाकांकडे तिकिटांच्या अदलाबदलीला जायचं म्हणजे दारातच खिसे उलटे करून दाखवावे लागत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी माझा रुमालसुद्धा झटकून पाहिला, मग नीट घडी करून परत दिला. म्हणाले, "राग नको मानू. मी सख्ख्या भावालेही असाच आत घेतो."

काका पाटबंधारे खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. रायपूरच्या बूढापाऱ्यात तळ्यामागच्या गल्लीत एकटेच राहत. एवढी राखण कशाची, तर किलोवर विकतात तसल्या सरमिसळ टपाल तिकिटांची. पोलंडची फुलं, हंगेरीचे घोडे, सगळं एका परातीत ओतलेलं. त्यातून चिमट्याने देश वेगळे करायचे, आपल्याकडची जास्तीची द्यायची आणि नसलेली घ्यायची. कुणी एकाच्या बदल्यात दोन देऊ केली की काकांचे कान टवकारत. "देऊन राहिला म्हणजे काही तरी नेऊन राहिला," असं त्यांचं ठाम मत होतं.

आम्ही जाणारे दोघेच. मी आणि सदर बाजारात कापडाचं दुकान असलेले साहू भैया. भैयांना मराठी सगळं कळे, बोलत मात्र हिंदी. तिकिटं उडू नयेत म्हणून पंखा बंद, खिडकी बंद. रायपूरच्या मे महिन्यात हे काय असतं ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. सतरंजीवर बसून आम्ही तिघं नुसते निथळत असू.

अशाच एका रविवारी काकांचं मंगोलियाचं तिकीट नाहीसं झालं. तिकोनी, वर उंट. काकांनी परात चाळली, सतरंजी उचलून झटकली, पुन्हा अंथरली आणि मग साहू भैयांकडे बोट दाखवलं. "सकाळपासून तू त्याच्याकडंच पाहून राहिला होता. काढ!"

"काका, एक ऊँट के लिए मैं चोरी करूँगा?" भैयांचा चेहरा लाल झाला. ते उठायलाच लागले.

तेवढ्यात मला उंट दिसला. काकांच्याच कोपराच्या मागे चिकटलेला. किलोवरची ती तिकिटं पाकिटाला कधी लागलेलीच नसतात, मागचा डिंक तसाच असतो. घामाने धरला होता. नाचणाऱ्या बोटाबरोबर उंटही वरखाली होत होता. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, एवढा आवाज चढवल्यावर स्वतःच्याच कोपरावर सापडणार! मी त्यांना शांत करायच्या निमित्ताने हात धरला, तिकीट अलगद सोडवलं, सतरंजीच्या कडेशी वाकलो आणि म्हणालो, "हे बघा, इथं आहे."

काकांनी एकदा सतरंजीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "सतरंजी मी आत्ताच झटकली होती," ते म्हणाले.

साहू भैयांनीही माझ्याकडे पाहिलं. "भैया, आप?" एवढंच बोलले.

मी मान खाली घालून चिमटा उचलला. त्या दिवसापासून माझे खिसे दोनदा तपासले जाऊ लागले. भैया आपला तिकिटांचा डबा माझ्यापासून दूर सरकवून बसू लागले. एकदा न राहवून मी काकांना म्हटलं, "त्या उंटाचं खरं सांगू का?" तर हात वर करून म्हणाले, "जाऊ दे. झालं ते झालं." घरी येऊन मी चरफडत असे. भलेपणा करायला गेलो आणि चोर ठरलो!

गेल्या वर्षी काकांना दिसेनासं झालं. मुलगी त्यांना बंगळुरूला न्यायला आली, तेव्हा त्यांनी मला एकट्याला बोलावलं. खाटेवर सगळे डबे मांडलेले होते, देशवार, चिठ्ठ्या लावलेले. "घेऊन जा," म्हणाले. मला वाटलं, हीदेखील परीक्षाच असणार. मी हातच लावला नाही.

"मलेच काहून, काका? साहू भैया आहेत ना."

"साहूचं मले काय माहीत? आजवर पकडला गेला नाही, एवढंच." काका आवाजाच्या रोखाने माझ्याकडे वळले. "तुझं माहीत आहे. तू घेतलं, पण तुले राहवलं नाही, परत ठेवलं. साऱ्या जिंदगीत एवढा एकच माणूस मले खात्रीचा भेटला."

खरं अगदी ओठांवर आलं होतं. इतकी वर्षं तेच सांगायला तडफडत होतो. पण ते सांगितलं असतं, तर या माणसाजवळ खात्रीचं कुणीच उरलं नसतं. माझे डोळे भरून आले. त्यांना ते दिसत नव्हते, हे बरंच झालं.

"हव, काका," मी म्हणालो. "मीच घेतलं होतं."