होणाऱ्या व्याह्यांच्या घरचं पाणी

माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यापासून मला पाणी मोजून मिळतं. दिवसाला एक लिटर. त्यात चहा आला, वरण आलं, गोळीबरोबरचा घोटही आला. जास्तीचं पाणी बाहेर जात नाही. आधी पायांत मुक्काम करतं, मग चेहऱ्यावर, शेवटी छातीत.

बायकोचा मोठा भाऊ महागावचा पुढारी. पुढारी म्हणजे कडक इस्त्री आणि प्रत्येक वाक्यानंतर टाळीची अपेक्षा. आमच्या मुलीसाठी पांढरकवड्याचं स्थळ आलं आणि पहिल्यांदाच तिनं कुणाला तरी हो म्हटलं. मुलाचं घर पाहायला मी, बायको आणि मेहुणा त्याच्या गाडीनं, त्याच्या ड्रायव्हरसह निघालो, तेव्हा मेहुण्यानं यवतमाळात आमच्या दारातच फर्मान काढलं.

"जवाई, बिमारीचं एक अक्षर काढू नका. पोरीचं जमून राह्यलं, मोडन. अन् तोंड पाहा, कसं भरलं तुमचं! कोणी बिमार म्हणन का?"

सुजेला तब्येत समजणारी माणसं निवडून कशी येतात, हे मला कधीच कळलेलं नाही. तरी मी गप्प बसलो. मुलीसाठी बसलो असं सांगतो. खरं म्हणजे भीती मलाही होती.

तिथं पोचताच ट्रेमध्ये पाणी आलं. मी पेला नुसता हातात धरला.

"घ्या न जवाई! सोयऱ्याच्या घरच्या पाण्याले नाही म्हणत असते का?" मेहुणा म्हणाला.

प्यालो. मग सरबत, मग चहा, मग पुन्हा पाणी. दर वेळी मुलाचे वडील ट्रे पुढे करताना जरा थबकायचे, आणि मेहुणा पेला उचलून माझ्या हातात कोंबायचा. बायको माझ्या पायांकडे पाहत होती.

निघताना मुलगा पाया पडला. त्याची बोटं माझ्या पावलांत रुतली. हात उचलल्यावरही खळगे तसेच राहिले.

"बाबा, सूज आहे," तो मला म्हणाला.

"प्रवासानं," मेहुणा म्हणाला. दीड तासाच्या प्रवासानं!

"किडनीनं," मी म्हणालो. "दोन्ही गेल्या."

मुलाच्या वडिलांनी मेहुण्याकडे पाहिलं. "आमाले माहीत आहे. पोरीनं पोराले पहिल्याच फोनवर सांगतलं. आमाले सोयरीक पसंत आहे. पण तुम्हीच पेल्यावर पेला देऊन राह्यले, म्हटलं डॉक्टरनं सूट देल्ली असन."

चपला पायांत जाईनात. हातात घेऊन गाडीत बसलो. अर्ध्या वाटेत धाप लागली. मेहुणा बोलतच होता, "जमलं का नाही? मी वातावरणच तसं बनवलं..."

"दादा, तू इथंच उतर," बायको म्हणाली. "यष्टीनं ये. ह्यांले दम लागून राह्यला, आम्ही सरळ दवाखान्यात जातो."

गाडी त्याचीच, त्यामुळे तो उतरला नाही. उतरला तो थेट दवाखान्याच्या फाटकाशी. मी त्याला अजून माफ केलेलं नाही.