नापास कागद

आमच्या मंदाकिनीवहिनींना लोक चित्रकार म्हणायला लागले ते त्यांची सत्तरी उलटल्यावर. त्याआधी त्या ‘छापखान्याच्या सूनबाई’ होत्या, आणि छापखाना बंद पडल्यावर ‘ते छापखानेवाले होते बघा, त्यांच्या मिसेस’ झाल्या. मी त्यांची नणंद, ललिता. नणंदेने भावजयीचं कौतुक करायची आपल्याकडे पद्धत नाही, पण मी करणार आहे. कुणाला खटकलं तर त्यांनी पुढे वाचू नये.

आमचा छापखाना शनिवार पेठेत होता. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी तो काढला. लग्नपत्रिका, मंडळांचे कार्यक्रम, पावतीपुस्तकं, तेराव्याची पत्रं, सगळं तिथे छापलं जायचं. शिशाचे खिळे एकेक वेचून ओळ जुळवायची, पायाने चालवायच्या ट्रेडलवर चढवायची आणि एकेक कागद हाताने आत सारायचा. मशीन माझा भाऊ श्रीनिवास चालवायचा. मी त्याला दादा म्हणते. छापलेला कागद तो खिडकीकडे धरायचा, खिशातून भिंग काढायचा आणि मजकूर उलटा वाचायचा, शेवटच्या शब्दापासून पहिल्यापर्यंत. सुलटं वाचलं की मन पुढे धावतं आणि चूक निसटते, असं त्याचं म्हणणं. मग म्हणायचा, “पास.” नाहीतर म्हणायचा, “नापास,” आणि कागद मशीनखाली टाकून द्यायचा. मलाही उलटं वाचायला त्यानेच शिकवलं. अजून वर्तमानपत्रातली निधनवार्ता मी तशी वाचते.

आण्णा कोऱ्या कागदाला फार जपायचे. कपाटाला कुलूप आणि किल्ली जानव्याला. आईला किराण्याची यादी करायला कागद हवा असला तरी जुन्या पाकिटाची मागची बाजू मिळायची. घरात मोकळे कागद असायचे ते फक्त मशीनखाली, दादाने नापास केलेले.

अशा घरात वहिनी सून म्हणून आल्या. शाळेत त्यांनी चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. पुढे शिकायचं होतं, पण स्थळ चांगलं आलं, म्हणजे आमचं आलं, आणि रंगपेटी माहेरी राहिली. आल्या त्या वर्षीच त्यांची नजर मशीनखालच्या ढिगावर गेली. दुपारी आण्णा आडवे झाले की वहिनी तो ढीग ओढून घ्यायच्या. एका बाजूला लग्नाचा मजकूर, दुसरी बाजू कोरी. उरलेल्या शाईत रूळ फिरवायचा आणि हाताला येईल त्या वस्तूचा ठसा कोऱ्या बाजूवर उमटवायचा. कढीपत्त्याची डहाळी, पिठाची चाळणी, फणी, जुन्या लुगड्याचा काठ, एकदा तर माझी वेणीची रिबन. पुढे पुढे त्या नापास कागद भिजवून, कुटून, त्यात कांद्याची सालं घालून नवा कागद करायला लागल्या. तो गच्चीवर वाळत घातला की शेजारणी विचारायच्या, “हे कसले पापड?”

घरात कुणी त्या चित्रांकडे पाहिलं नाही. दादाने तर नाहीच. त्याचं काम कागदाच्या मजकुराच्या बाजूला संपायचं. उलट त्याला बोलणी बसायची. “श्रीनिवासचा हात काही बसत नाही,” आण्णा गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे. “दर पत्रिकेमागे इतके नापास. माझ्या हातून एवढे कधी गेले नाहीत.” दादा खाली मान घालून रूळ पुसत राहायचा. आण्णा गेले तेसुद्धा हेच मत घेऊन.

मग खिळे गेले, ट्रेडल भंगारात गेलं, पत्रिका मोबाइलवर फिरायला लागल्या. दादा-वहिनी धायरीला फ्लॅटमध्ये राहायला गेले. बरोबर कपडे, भांडी आणि वहिनींच्या चित्रांची गाठोडी. गाठोडी दिवाणाखाली गेली आणि तिथेच राहिली, ती त्यांच्या मुलीने, तनयाने दिवाळीची साफसफाई करताना बाहेर काढेपर्यंत. तनयाने दोन-चार कागद ओळखीच्या एका कलादालनात दाखवले. पुढच्याच महिन्यात वहिनींच्या एकटीच्या प्रदर्शनाची तारीख ठरली, एरंडवण्यात.

दादाला ही बातमी तनयाने सांगितली तेव्हा मी खडकीहून तिकडे गेले होते, चहा चालला होता. ती म्हणाली, “बाबा, चित्रं दोन काचांच्या मधे धरून टांगणार आहेत. दोन्ही बाजू दिसणार. तेच त्याचं स्पेशल आहे.”

“मागची बाजू दिसणार?” दादाने विचारलं.

“हो ना. लोकांना छपाईतल्या चुका शोधायला मजा येईल.”

“वा. माझ्या चुका चव्हाट्यावर मांडायच्या आणि मी कोट घालून बघायला यायचं. मी येणार नाही.”

वहिनींनी कप उचलले ते दादाचा अर्धा चहा असतानाच.

उद्घाटनाला गर्दी चांगली होती. सगळ्यांत मोठा घोळका एका पत्रिकेभोवती. पुढच्या बाजूला चाळणीचा ठसा, आभाळभर चांदणं वाटावं असा. मागच्या बाजूला नवऱ्यामुलाच्या नावाआधी ‘चि.’ऐवजी ‘कै.’ छापलेलं. खिळे परत खणात टाकताना कुणीतरी गफलत केली होती आणि नवरदेव बोहल्यावर चढण्याआधीच वर गेला होता. दादाने पहिल्याच कागदाला ती पकडली होती. लोक हसून हसून फोटो काढत होते. वहिनी सगळ्यांशी बोलत होत्या आणि दर वाक्याला दाराकडे बघत होत्या. नवी कोरी साडी, केसांत अबोली, आणि नजर दाराकडे. मला राग आला दादाचा. खरंच आला.

तेवढ्यात तनया मला एका कोपऱ्यात घेऊन गेली. “आत्या, या कागदात चूक कुठे आहे? सगळे विचारतायत. कुणाला सापडत नाहीये.”

मी चष्मा पुसला आणि उलटं वाचायला लागले. ‘करावी द्विगुणित शोभा कार्याची’पासून वर वर, थेट कुलदेवतेच्या नावापर्यंत. वेलांटी, मात्रा, अनुस्वार, शाई, समास, सगळं जिथल्या तिथे. शेजारचा कागद वाचला. त्यातही काही नाही. त्याच्या पलीकडचा वाचला. मग मी वहिनींना गाठलं.

“वहिनी, हे कागद पास आहेत.”

“आहेतच,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “निम्म्याहून जास्त तसेच आहेत, वन्सं.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या वर्षीच कळलं. मलाही वाचता येतं की.”

“मग दादाला कधी विचारलं नाहीत?”

“विचारलं असतं तर द्यायचे बंद केले असते. तुम्ही ओळखता ना त्यांना.” त्यांनी पुन्हा दाराकडे पाहिलं. “म्हणून तर दोन्ही बाजू मोकळ्या ठेवल्या. म्हटलं, येतील, बघतील, त्यांना कळेल की मला कळलंय. तर ते येतच नाहीत.”

माझ्या डोळ्यांसमोर आण्णांची ती बोलणी उभी राहिली, आणि रूळ पुसणारा दादा. मी तशीच बाहेर पडले, रिक्षा केली आणि सिंहगड रोडच्या गर्दीला शिव्या घालत धायरी गाठली.

दादा टीव्हीसमोर बसला होता. टीव्ही बंद होता.

“दादा, मी मागची बाजू वाचली,” मी म्हटलं. “उलटी.”

त्याने हातातला रिमोट बाजूला ठेवला. मग म्हणाला, “तिला सांगितलंस?”

“तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि आपल्या नजरेतून निसटलेली चूक आज पहिल्यांदा सापडल्यासारखा त्याचा चेहरा झाला. “थांब,” म्हणाला. “कोट घालतो.”

आम्ही पोचलो तेव्हा गर्दी ओसरली होती. दादा थेट मी दाखवलेल्या त्या कोपऱ्यातल्या कागदापाशी गेला. सवयीने मजकुराच्याच बाजूला. खिशातून भिंग काढलं आणि शेवटच्या शब्दापासून सुरुवात केली. वहिनी येऊन शेजारी उभ्या राहिल्या. तनयाला काही कळेना, पण ती शहाणी मुलगी आहे, दोन पावलं मागे सरली.

वाचून संपलं. “नापास,” दादा म्हणाला.

“बरं,” वहिनी म्हणाल्या. “आता पुढची बाजू बघा.”

संसाराला एवढी वर्षं झाली, पण ती बाजू त्याने पाहिली नव्हती. तो काचेला वळसा घालून पलीकडे गेला. कागदावर एका सदऱ्याचा ठसा होता. फक्त छातीचा भाग. शिलाईचा टाका न् टाका उमटलेला, तुटलेल्या बटणाची जागा पांढरी, आणि खिशाच्या कापडावर एक गोल उठलेला, रोज भिंग ठेवून पडलेला.

“हा माझा सदरा,” दादा म्हणाला.

“शाईने खराब झाला म्हणून तुम्ही टाकून दिला होतात.”

दादाचा हात कोटाच्या खिशावर गेला आणि तिथेच राहिला. काचेच्या अलीकडे वहिनी, पलीकडे तो, मधे कागद. तो म्हणाला, “कोरे द्यायला हवे होते गं मी तुला. आण्णांकडून किल्ली मागून घ्यायला हवी होती.”

वहिनी काचेच्या कडेने पलीकडे गेल्या आणि चारचौघांत त्यांनी त्याचा हात धरला. आमच्या घरात असं कुणी कधी केलेलं नाही.

दादाने घसा खाकरला. “ललिते,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “हा वरचा दिवा जरा तिरपा पडतोय. सांग त्यांना.”

दिवा अगदी सरळ होता. मी म्हटलं, सांगते. हात त्याने सोडवून घेतला नव्हता.