डॉक्टरांनी टाळलेला शब्द

सेनगाव तालुक्यात मी सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात काढली. हुद्दा पशुधन पर्यवेक्षकाचा, पण गावोगावची माणसं मला डाक्टरच म्हणत आणि मीही कधी कोणाची चूक दुरुस्त केली नाही. लसी टोचल्या, अडलेल्या गाई सोडवल्या, पण नाव झालं ते खच्ची करण्यात. गोऱ्हा असो की बोकड, चिमटा लावायचा, नस दाबायची, रक्ताचा थेंब नाही. मालकाचा जीव कासावीस झालेला दिसला की मी चिमटा पुसत म्हणायचो, "त्याला काही होत नाही, उलट अंगानं भरतो."

निवृत्तीनंतर लघवी थांबून थांबून होऊ लागली. मग कंबर धरली. मी सगळं वयावर ढकललं, कारण मला सगळंच कळतं असा माझा समज होता. शेवटी बायको चिडली. "ढोराला बोलता येत न्हाई म्हणून तुमी हात लावून पाहता. तुमाला बोलता येते तरी तोंड बंद करून बसले." तिनं मला हाताला धरून नांदेडला नेलं.

रक्त तपासलं, तुकडा काढून तपासला. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तोही कमरेच्या हाडापर्यंत पोचलेला. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा होता. त्यानं नीट समजावून सांगितलं. ही गाठ पुरुषाच्या हार्मोनवर पोसते, ते बंद केलं की ती उपाशी पडते. त्यासाठी एकतर दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, जन्मभर. नाहीतर एकदाच छोटं ऑपरेशन. 'छोटं ऑपरेशन' हे तो चार वेळा म्हणाला, पण कशाचं ते काही सांगेना. नुसता पेनाचं टोपण काढत-घालत होता.

"खच्ची करणार म्हणा की," मीच म्हणालो.

"काका, आम्ही तसं म्हणत नाही."

"आम्ही म्हणतो."

तिथं मी मोठा वाघ होतो. घरी आलो आणि शेळी झालो. इंजेक्शन नको होतं, कारण माझा स्वभाव मला ठाऊक आहे. गावाच्या जनावरांच्या लसीच्या तारखा मला पाठ, स्वतःची एक गोळी ध्यानात राहत नाही. एखादी फेरी चुकली की रोगाला रान मोकळं. आणि ऑपरेशन म्हटलं की डोळ्यांसमोर पारावरची माणसं यायची. ज्यानं गावची बोकडं खच्ची केली तोच खच्ची झाला, हे कोणाच्याही तोंडी किती सहज बसलं असतं! पंधरा दिवस घोळ घातला आणि एका सकाळी बायकोला सांगून टाकलं, "मला काहीच करायचं नाही. गेलो तर गेलो, पण गावात हसू नको."

ती ज्वारी निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "आपले बैल कोणी खच्ची केले?"

"मीच."

"मंग पोळ्याला मी कोणाला ओवाळते? सांडाला का बैलाला?"

तिनं सूप पुन्हा उचललं आणि म्हणाली, "उद्या तारीख घेऊन टाका. मला तुमी पाहिजे, बाकीचं ऱ्हाऊ द्या."

ऑपरेशन अर्ध्या-पाऊण तासाचं. कमरेखाली भूल होती, तोंड मोकळं होतं, म्हणून मी टाके कसे घालता, धागा कोणता, असं विचारत राहिलो. अखेर सिस्टरनं मला गप्प बसवलं. थोड्याच दिवसांत कमरेचं दुखणं उतरलं. मग अंगातून वाफा निघू लागल्या. ऐन थंडीत घामानं सदरा भिजायचा. बायको म्हणाली, "पाळी गेल्यावर मला पाच वर्सं हेच होत होतं. तवा तुमी म्हणायचे, पंखा काहून लावून राहिली." मी तिची माफी मागितली. लग्नानंतर ही पहिलीच.

नवरा-बायकोतलं जे संपलं ते संपलं. त्याचं वाईट वाटलं, आजही वाटतं. रोगही मुळातून गेलेला नाही, दबला आहे. पण तपासणीचा आकडा खाली आहे. मी शेळ्यांना चारा घालतो, हळदीच्या वाफ्यात पाणी धरतो, मोटारसायकल चालवतो. माणूस नाउमेद झाला की लोक म्हणतात, तो खच्ची झाला. असं बोलणाऱ्याला मी आता तिथल्या तिथं अडवतो.

गावात कुजबुज सुरू झालीच होती. मीच एकदा पारावर बसून सगळं सांगून टाकलं, शब्दासकट. दोघं-तिघं हसले. मीही हसलो, मग त्यांचं हसणं फार टिकलं नाही.

पुढे जवळा बाजारच्या आठवडी बाजारात एक जुना ओळखीचा मेंढरंवाला भेटला. धिप्पाड गडी, पांढऱ्या मिशा, वर्षानुवर्षं माझ्याकडे बोकडं आणलेला. हाताला धरून त्यानं मला चहाच्या टपरीमागं नेलं.

"डाक्टर, लोक म्हणतात ते खरंय का?"

"खरंय."

"मंग तकलीफ?"

मी सगळं सांगितलं. घाम, थकवा, मोकळी झालेली लघवी, थांबलेलं दुखणं, काही झाकलं नाही. तो मान खाली घालून ऐकत होता. मग त्यानं बंडीच्या खिशातून चौपदरी घडी घातलेला कागद काढला. रिपोर्ट होता, माझ्यासारखाच.

"दोन म्हयने झाले. पोरान्ला सांगितलं न्हाई, बायकोला न्हाई. तुमी याल का संगं?"

उभ्या नोकरीत लोकांनी मला बोलावलं ते जनावरासाठी. स्वतःसाठी बोलावणारा हा पहिलाच. मी कागद त्याच्या हातातून घेतला, नीट घडी करून माझ्या खिशात ठेवला आणि म्हणालो, "येतो. पण आधी घरी जाऊन बायकोला सांगू. मी बसतो शेजारी."