स्पिरिटमधली अळी

करणी, बुवा-बाबा, उतारे… या सगळ्याची मला पहिल्यापासून चीड आहे. मी आर्णी तालुक्यात कृषी सहायक आहे. कपाशीवरची गुलाबी बोंडअळी हाच माझा बारा वर्षांचा धंदा. बोंडं फोडफोडून शेतकऱ्यांना अळ्या दाखवल्यात, त्यामुळे किळस कधीच मेली - असं मला वाटत होतं.

मला अर्धशिशी आहे, म्हणजे मायग्रेन. डाव्या डोळ्यामागे ठणका, उजेड नको, शेवटी उलट्या. आईलाही होती. मेडिकलमधून मी आपल्या मनानेच पेनकिलर आणायचे, रोज एक, कधी दोन. यवतमाळच्या डॉक्टरांनी ऐकून कपाळावर हात मारला. "या गोळ्यांनीच दुखणं वाढलंय," म्हणाले. त्या बंद केल्या. रोज झोपताना घ्यायची एक गोळी दिली, ठणका सुरू होताच घ्यायची दुसरी दिली, आणि दुखलं की डायरीत तारीख लिहायला सांगितलं. गुण यायला दीड-दोन महिने लागतील म्हणाले. उठता उठता मी विचारलं, मुलीलाही होईल का? तर म्हणे, आईची मुलीला येऊ शकते. धनश्री माझी अकरा वर्षांची. तेव्हापासून मला स्वतःच्या डोक्यापेक्षा तिच्या डोक्याचीच धास्ती.

सासूबाईंना मात्र दीड महिना दम कुठला! तिसऱ्याच आठवड्यात मी बाथरूममध्ये ओकत होते, तर दाराबाहेरून सुरू… "काहून जीव जाळून राह्यली वो गोयांपायी? एकडाव बुवापाशी चाल. सूर्य निंघायच्या आधी अर्धशिशी काढते तो. नाही निंघाली तं मी पुन्हा नाव नाही घेणार." त्या शेवटच्या वाक्यासाठी मी गेले.

मे महिना, पहाट, आर्णीपासून अर्ध्या तासावरचं गाव. बुवा अंगणात खाटेवर बसलेला. तोंडात खर्रा, ओठाच्या कोपऱ्यातून लालकाळं पाणी गळतंय. त्याच्या मते अर्धशिशी म्हणजे डोक्यात शिरलेली अळी, आणि हेच तोंड नळीला लावून तो ती माझ्या कानातून ओढणार होता! मी म्हटलं, आधी चूळ भरा. चार वेळा भरायला लावली. मग मोबाईलचा टॉर्च मारून गालफडं, जीभ, बोटं, ती पितळी नळी, सगळं तपासलं. तो नुसता हसत होता. "पाहा बाई, पाहा. शिकेल माणसं तुम्ही."

नळी कानाला लागली. ओलसर गरम श्वास, त्यात सुपारी-तंबाखूचा आंबूस वास… शी! मग कानात काहीतरी सरकलं. त्यानं नळी तळहातावर झटकली.

गुलाबी बोंडअळी. जिवंत. अंगाला माझ्या कानातला मळ लागलेला.

मी तिथेच भडाभडा ओकले. ओकल्यावर माझं डोकं हलकं होतंच, त्यात बुवाचं काही नाही. मे महिन्यात शेतात कपाशी नसते, पण सरकीत अळी सापडते. त्यानं ती तिथूनच आणली असणार, मला हातचलाखी पकडता आली नाही एवढंच. "आता गोया बंद करा," तो म्हणाला. मी एकही गोळी चुकवली नाही. अळी मात्र गाडीच्या डिक्कीतल्या सॅम्पलच्या बाटलीत घेतली आणि ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये स्पिरिटमध्ये बुडवून ठेवली. एक दिवस सासूबाईंसमोर सरकी फोडून दाखवायची होती.

त्याच ड्रॉवरमध्ये माझी ठणक्याची गोळी असते. आठ दिवसांनी डोकं उठलं म्हणून ड्रॉवर उघडला, तर अळी वळवळत होती… आठ दिवस स्पिरिटमध्ये राहून! शेजारच्या टेबलावरचे गजाननभाऊ डबा खाता खाता वाकून बघायला आले. "म्याडम, हे तं जिती हाय न!" आणि त्यांनी डबा बंद केला. गोळी लागू पडली, ठणका उतरला, तशी अळी निपचित झाली. पुढच्या वेळी पुन्हा तेच. मी डायरीत तारखेपुढे 'हलली' लिहायला लागले. पाच तारखा, पाचही वेळा हलली.

फेकली का नाही, विचाराल. दोनदा उचलली. हातात धरली की कानात तेच सरकायचं, आणि बाटली परत ड्रॉवरमध्ये जायची.

जुलैपासून मात्र गोळ्यांनी गुण दिला. डायरी कोरी. अळीही तळाशी पांढरी पडलेली.

ऑगस्टच्या शेवटी सोयाबीनची पाहणी करून दुपारी ऑफिसला आले. डोकं अगदी छान होतं. पेन घ्यायला ड्रॉवर उघडला तर अळी काचेवर आपटत होती. इतकी कधीच वळवळली नव्हती. मी गोळी हातात घेऊन ठणक्याची वाट बघत बसले. अर्धा तास झाला… काहीच नाही.

मग सासूबाईंचा फोन. "लवकर ये वो. पोरगी शायेतून आली तशी अंधारात पडून हाय. डावा डोया दाबून ओकून राह्यली."

धनश्रीला लगेच डॉक्टरांकडे नेलं. तिच्या वयाप्रमाणे औषध सुरू आहे, उतार पडतोय. सासूबाईही आता बुवाचं नाव काढत नाहीत. आईची मुलीला येते, एवढं मला पटतं. बाटलीत काय आहे, ते मला आजही सांगता येत नाही.

बाटली आता घरी, कपाटाच्या वरच्या खणात आहे. रोज सकाळी पोरगी उठायच्या आत मी ती उजेडात धरून बघते, आणि मगच तिला विचारते, "डोकं कसं आहे गं?" त्या अळीची किळस अजून येते. पण लेकीच्या तोंडाकडे बघायच्या आधी बाटलीकडे बघणारी ही जी आई झालेय ना मी… तिची जास्त येते.