नरम रॉडवाले नाना

विमानाचा सांधा जोडायचा असला की नाना आधी वेल्डिंगचा रॉड चिमटीत धरून किंचित वाकवत. बंडलवर छापलेलं नाव वाचत, मान डोलावत आणि तरीही वाकवत. मी हसलो की म्हणत, "नाव कोनी बी लिखी टाकी, भाऊ. रॉड खोटं नही बोलस."

शिरपूरच्या बाजूला आमची लहानशी शेड होती. जुनी विमानं तिथे दुरुस्तीला येत. त्यांचा सांगाडा पातळ पोलादी नळ्यांचा. नळी तडकली की गॅसच्या ज्योतीवर रॉड वितळवून ती सांधायची. रॉड दोन जातींचे, पण दोन्हींवर तांब्याचा मुलामा, दिसायला जुळे भाऊ. नवखा माणूस हटकून कडक रॉड उचलायचा. नळी भक्कम, मग रॉडही भक्कम नको का! नाना तो काढून घेत. "कडक सांधा तडकी जास. नरम सांधा वाकस, पन धरी ठेवस." आधी टाकाऊ नळीवर जोड मारायचा, तो व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळून वाकवून बघायचा आणि मगच विमानाला हात लावायचा, हा त्यांचा नेम. एरवी गडी भलता थट्टेखोर, पण त्या वेळी कुणी शिंकलं तरी डोळे वटारायचे.

गेल्या हिवाळ्यात व्हाइसमधला जोड कट्‌कन तडकला. नानांनी उरलेला रॉड वाकवून पाहिला, पुन्हा पाहिला, मग माझ्या हातात दिला. "हाऊ कडक शे का नरम?"

"कडक आहे, नाना."

"मले तर नरमच लागना."

मधुमेहाने बोटांची जाणीव नेली होती, हे त्यांनाही तेव्हाच कळलं.

विमानाला काहीच झालं नव्हतं. मी म्हटलं, "रॉड मी निवडून देतो, तुम्ही फक्त जोडा." त्यांनी ज्योत बंद केली. "दुसराना हातना रॉडवर मना हात नही चालस." त्यानंतर ते शेडवर आलेच नाहीत. मला फार चुटपुट लागली. असा जोड मारणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

शेवटी त्यांना परत आणायचंच, असं ठरवून मी धुळ्याला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने, अक्कांनी, स्टीलच्या ग्लासांतून चहा दिला. माझा ग्लास इतका पोळला की मी तो लगेच खाली ठेवला. नाना मात्र आपला ग्लास मुठीत घट्ट धरून शेडची खबरबात विचारत राहिले. अक्का धावत आल्या आणि त्यांनी तो काढून घेतला. तळहात लालबुंद झाला होता.

नानांनी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गरम व्हता का, भाऊ?"

मी होकारार्थी मान हलवली. शेडवर चला म्हणायचं ते राहूनच गेलं.