वखारीतली ट्राम

मला एक सवत होती. हसू नका, खरंच सांगते. बंगळूरला इंदिरानगरच्या पलीकडे एका लाकडाच्या वखारीत, पत्र्याखाली उभी असायची ती, आणि आमचे हे दर रविवारी तिच्याकडे जायचे. ट्राम होती. विजेवर चालणारी, मुंबईची.

लग्नाआधी हे मुंबईला ट्रामच्या कारखान्यात फिटर होते. ट्रामा बंद झाल्या, हे बंगळूरला नोकरीला आले, आणि मग मी बेळगावहून लग्न होऊन आले. म्हणजे ट्राम मी ह्यांच्या तोंडूनच पाहिलेली. जेवताना ट्राम, झोपताना ट्राम. "अगं, तू एकदा बसली असतीस ना!" मी म्हणायची, "बसवा की मग."

हे रिटायर झाले, ती नव्वदच्या दशकाची सुरुवात. त्याच सुमारास वखारीच्या मालकांनी भंगारातून ती ट्राम उचलून आणली. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. धारवाडकडचे, मराठी छान बोलायचे, जुन्या वस्तूंचं भारी वेड. हे नुसते बघायला म्हणून गेले ते संध्याकाळी ग्रीसनं काळे होऊन आले. चेहरा मात्र नवरदेवाचा.

मग काय, सागवानी पट्ट्या नव्या बसल्या, मोटारीचं वाइंडिंग झालं. वर विजेची तार कुठून आणणार, म्हणून खाली बॅटऱ्या बसवल्या. अण्णांनी फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत रूळही टाकून घेतले. पितळी दांडे आणि ड्रायव्हरचं हँडल पिशवीतून घरी यायचं, आणि मी चिंच लावून घासायची.

"सवतीचे दागिने मीच घासायचे का हो?"

"थोरलीनं धाकटीचं करायचं असतं."

"थोरली ती! माझ्याआधी आलेली ना तुमच्या आयुष्यात?"

ह्यावर ह्यांनी दुसरा दांडा माझ्यापुढे सरकवला.

त्या ट्रामच्या बाकांची पाठ ढकलली की पलीकडे जायची. ट्राम वळत नाही ना, ड्रायव्हरच ह्या टोकाकडून त्या टोकाला जातो. लोक पाठ उलटवतात आणि पुन्हा पुढे तोंड करून बसतात. हे सगळं ह्यांनी मला करून दाखवलं, पण बसू काही दिलं नाही. "चालेल तेव्हा बस. मी पुढे उभा राहून चालवणार, तू माझ्या मागच्या बाकावर. तुझ्याआधी कुणी बसायचं नाही, अण्णांनाही सांगून ठेवलंय."

खंडेनवमीला, म्हणजे इकडच्या आयुधपूजेला, चालवायचं ठरलं. श्रावण संपता संपता एका सकाळी चहाचा कप खाली ठेवला आणि हे गेले. कप फुटलासुद्धा नाही.

पूजेच्या आदल्या दिवशी अण्णा घरी आले.

"अक्का, तुम्ही यायलाच पाहिजे."

"पूजेत आता माझं काय काम, अण्णा?"

"पूजा आम्ही करतो. तुम्ही फक्त बसायचं. त्यांना शब्द दिलाय मी."

मी गेले. ट्रामला झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं. पुढे वखारीतला इलेक्ट्रिशियन उभा, मी घासलेल्या हँडलवर त्याचा हात. त्याच्या लगेच मागच्या बाकावर मी एकटी. त्यानं पायानं घंटा वाजवली, लिंबं चिरडली, आणि चालली हो! हे सांगायचे तश्शी, आधी अंग झटकून आणि मग अलगद. लोक टाळ्या वाजवत होते. मी त्या परक्या माणसाच्या सदऱ्याकडे बघत बसले.

वखारीच्या मागच्या भिंतीशी रूळ संपले. त्यानं हँडल काढून घेतलं आणि दुसऱ्या टोकाला गेला. मग बाकीचे लोक चढले. अण्णा खटाखट बाकांच्या पाठी उलटवत माझ्यापर्यंत आले.

"अक्का, स्वल्प उठा. ही फिरवतो, नाहीतर उलट्या तोंडानं बसावं लागेल."

"असू दे, अण्णा. मी अशीच बसते."

त्यांनी बाकाच्या पाठीवरचा हात काढला. "सरी, बरं," म्हणाले आणि पुढे गेले.

ट्राम परत निघाली. सगळ्यांची तोंडं फाटकाकडे, माझं एकटीचं भिंतीकडे. समोर ड्रायव्हरची जागा, एका माणसाला उभं राहता येईल एवढीच. तिथे आता कुणी नव्हतं. फाटक येईपर्यंत मी तिकडेच बघत आले.